उघड्यावरचा इलाज

कानातल्या इअरबड्सचं चार्जिंग संपलं आणि डॉक्टरांचा आवाज सबंध बसमध्ये मोकळा सुटला. "नेत्रा मॅडम, ई वार एष्टु मात्रे तगोंड्री? निजा हेळ्री." या आठवड्यात किती गोळ्या घेतल्या, खरं सांगा. चिगरी बसच्या बंद काचा, एसीचा गारवा, कॉलेजं सुटल्यावरची पेंगुळलेली गर्दी, आणि त्या सगळ्यावरून तो तरुण, स्वच्छ, बेंगळुरी कन्नडमधला आवाज, वर्गात हजेरी घ्यावी तसा. नेत्रानं फोन उलटा करून मांडीवर दाबला. आवाज पदराखालून येतच राहिला. "हलो? केळिस्ता इदिया? नोडि, चट बिडोदु सुलभ अल्ल..." ऐकू येतंय का? बघा, चट सोडणं सोपं नसतं. मराठीतली चटक जिभेवरची असते, भेळेची, लोणच्याची, तिचं कुणाला काही वाटत नाही. कन्नडमधला चट मात्र पुरुषांचा शब्द. दारूच्या दुकानामागच्या बोळातला, पत्त्यांच्या अड्ड्यावरचा. तो शब्द आता तिच्या मांडीवर बसून ओरडत होता. तांबडं बटण तिच्या बोटाखालून निसटलं, पुन्हा निसटलं, मग एकदाचं दाबलं गेलं. बस शांत झाली. कुणीही वळून पाहिलं नाही, आणि म्हणूनच सगळ्यांनी ऐकलंय हे तिला कळलं. फक्त मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "नेत्रा?" तिनं मान वळवली. उणकलच्या थांब्यावर चढलेल्या श्यामलावन्सं, तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, दांड्याला धरून उभ्या होत्या. हातात आईसाठी घेतलेल्या शेवग्याच्या शेंगा, आणि चेहऱ्यावर काहीच नाही.

बसमध्ये डॉक्टरांशी बोलायची वेळ खरं तर यायची नव्हती. पण घरात नको, ही तिच्या नवऱ्याची, सुधींद्रची, अट होती. दिवाळीच्या सुट्टीत तो तिला बेंगळुरूला डॉक्टरांकडे घेऊन गेला, तेव्हाच त्यानं परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर बघत सांगून टाकलं होतं: औषधं मी सांभाळीन, डॉक्टर म्हणतात तशी हिशेबानं देईन, पण ते फोनवरचं बोलणं घरात नको, आईच्या कानावर गेलं तर ती अन्नपाणी सोडील. मग नेत्रानं या दोन जोडशहरांत स्वतःसाठी एक दार शोधायला सुरुवात केली, जे आतून लावून घेता येईल. असं दार नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या, अकरावी-बारावीच्या पीयू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, स्वतःचं घर असलेल्या बाईला हुबळी-धारवाडमध्ये आडोशाला बसून अर्धा तास खरं बोलायला जागा नव्हती. उणकल तळ्याच्या बागेत बाकावर बसली तर फिरायला आलेल्या पेन्शनरांनी "काय मॅडम, एकट्याच?" म्हणून चौकशी केली. प्रयोगशाळेच्या मागच्या कोठीत, ॲसिडच्या बाटल्यांच्या वासात उभी राहून बोलली, तर शिपाई कपाटाची किल्ली मागायला आला. तिकडे पडद्यावर डॉक्टर दीपश्री, तिच्या विद्यार्थिनी असाव्यात एवढ्या वयाच्या, दर खेपेला आधी विचारायच्या, "आज कुठं आहात? मोकळेपणी बोलता येईल ना?" आणि नेत्रा दर खेपेला म्हणायची, हो. खोटं बोलणं सोडण्यासाठी जे औषधपाणी चाललं होतं, त्याची सुरुवात प्रत्येक वेळी एका खोट्यानं व्हायची. आज क्लिनिकनं वेळ अलीकडे ओढली, तास संपवून ती धावतपळत बसमध्ये चढली, खिडकीशी जागा मिळाली, आणि वाटलं की गर्दीइतका चांगला आडोसा दुसरा नाही.

वन्सं तिच्या शेजारची जागा रिकामी झाली तशी येऊन बसल्या. नवलूर आलं, रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या दिसल्या. "यंदा पेरू बरे आलेत," वन्सं म्हणाल्या. नेत्रा म्हणाली, "हो." पाठीच्या मणक्यात, जिथं ऑपरेशनची रेघ होती, तिथं नेहमीचं ऊन चढायला लागलं. तिथूनच तर सगळं सुरू झालं होतं. मणक्यातली गादी सरकली, ऑपरेशन झालं, दुखणं थांबावं म्हणून गोळ्या दिल्या, काही आठवड्यांत बंद करा म्हणून सांगितलं. दुखणं खरंच थांबलं. पण गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानं पोटात जी एक ऊब पसरायची, जणू कुणी पाठीमागून येऊन खांद्यावर शाल टाकावी आणि म्हणावं, बैस आता, पुष्कळ झालं, ती दुखण्यासाठी नव्हती. ती मणक्यासाठी नव्हतीच. तिला आयुष्यात कुणी "बैस आता" म्हटलं नव्हतं. सासूचं पथ्य, नवऱ्याच्या अशिलांचा चहा, घरातले सोवळ्याओवळ्याचे दिवस, परीक्षेचे गठ्ठे, हे सगळं गोळीनंतर तसंच राहायचं पण लांब जायचं, गाडीतून दिसणाऱ्या शेतांसारखं. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार. ओळखीचं दुकान नको म्हणून दाजीबानपेठेत, कापडाच्या ठोक दुकानांमध्ये दडलेलं एक मेडिकल, तिथला मनुष्य "येनु अक्का, बेन्नु नोवा?" म्हणजे काय अक्का, पाठदुखी का, असं हसून विचारायचा आणि डॉक्टरांचा कागद मागायचा नाही. शेवटी एका सकाळी वर्गात, फळ्यावर अर्धं समीकरण असताना, तिला झटका आला. पुढच्या बाकावरच्या मुली किंचाळल्या. शुद्धीवर आली तेव्हा जीभ चावलेली होती आणि प्राचार्य सगळ्यांना "ब्लडप्रेशर, ब्लडप्रेशर" असं सांगत होते. घरीही तेच ठरलं. ब्लडप्रेशर. तो शब्द किती सोज्वळ, देवघरातसुद्धा चालावा असा.

बसमधून उतरून माळमड्डीतल्या घराकडे दोघी चालू लागल्या. वन्संच्या चपलांचा आवाज आणि शेंगांच्या पिशवीची सळसळ. देवळाच्या कोपऱ्याशी वन्सं थांबल्या. "कुणाचा फोन होता गं?"

"डॉक्टरांचा."

"असल्या गोष्टी बसमध्ये बोलतात?"

नेत्राला एकदम हसू आलं. ते ओठांपर्यंत येऊन तिथंच आंबट झालं. "कुठं बोलू, वन्सं? तुम्ही सांगा. तुमच्या घरी येऊ?" वन्सं पिशवी सावरून पुढं निघाल्या.

संध्याकाळी सुधींद्र कोर्टातून आला, तेव्हा वन्संनी त्याला कोट काढू दिला, पाणी पिऊ दिलं आणि मग ऑफिसच्या खोलीत नेऊन दार लावलं. त्या घरात आतून लागणारं तेवढं एकच दार होतं. नेत्रा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. परातीवरच्या थापांच्या मधल्या गॅपमध्ये शब्द येत होते: बसभर... चट म्हणाली ती बाई... माझ्या दिराची सून त्याच बसनं येते... मंत्रालयाला स्वामींच्या मठात न्या, सेवेला बसवा, रायरू स्वामीच बघतील... मग दार उघडलं आणि सुधींद्र आला. हातात गोळ्यांचं पाकीट होतं, जे त्यानं कायद्याच्या जाड पुस्तकांमागं कुलपात ठेवलं होतं आणि ज्यातून तो तिला रोज, तोंडाकडे न बघता, ठरलेली गोळी द्यायचा. चेहरा मोठ्या खटल्याचं शेवटचं भाषण करताना होतो तसा झाला होता.

"हे आता पुरे, नेत्रा. एकदा सोडायचं म्हणजे सोडायचं. मी सिगरेट सोडली ती एका दिवसात. हप्त्याहप्त्यानं कुणी काही सोडत नाही."

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना, एकदम बंद करायच्या नाहीत. पुन्हा झटका येईल."

"त्या पडद्यावरच्या पोरीनं सांगितलं म्हणून?"

तो मोरीत गेला. पाकिटातून एकेक गोळी सोडवल्याचा चटचट आवाज, मग नळाचा. नेत्राच्या हाताला पीठ लागलेलं होतं. ती दारापर्यंत गेली आणि थांबली, कारण एका क्षणासाठी तिला खरंच खाली वाकून, त्या वाहत्या पाण्यात हात घालून गोळ्या वेचाव्याशा वाटल्या होत्या, आणि वन्सं बघत होत्या. सुधींद्र बाहेर आला. त्याचे हात ओले होते. "कुणी विचारलं तर कॉलेजातल्या एका मुलीसाठी बोलत होतीस असं सांग. श्यामलाअक्कापण तेच सांगेल." वन्संनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर आता माया होती, तिचाच नेत्राला जास्त राग आला. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर गेला, आणि पलीकडच्या खोलीतून वेणूबाईंचा, तिच्या सासूचा, आवाज आला, "काय जळतंय गं?" नेत्रानं गॅस बंद केला.

सकाळ उजाडली ती जांभयांनी. एकामागून एक, जबडा निखळेल अशा, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. अंगावर काटा उभा, आणि तरी घाम. पायांत मुंग्या नव्हेत, पायांच्या आत कुणीतरी दुसरंच माणूस असून त्याला बाहेर पडायचंय अशी तगमग. ती अंथरुणावर बसायची, उठायची, खिडकीशी जायची. नाक वाहत होतं. पोटात पिळा पडत होता. या सगळ्यात डोक्याचा एक कोपरा मात्र विलक्षण स्वच्छ होता. त्या कोपऱ्यात दाजीबानपेठ होती. तिथली गल्ली, कापडाच्या गठ्ठ्यांचा वास, फळकुटाच्या गल्ल्यामागचा तो मनुष्य, येनु अक्का. आता निघालं तर कॉलेजला जाते म्हणून निघता येईल. कुणी अडवणार नाही. उलट बरंच वाटेल सगळ्यांना, आवरून, केसांत फूल माळून निघालेली बघून. दुपारपर्यंत शाल खांद्यावर येईल. संध्याकाळी सुधींद्र म्हणेल, बघ, सुटली की नाही एका दिवसात? आणि वन्सं मंत्रालयाचा प्रसाद पाठवतील, आणि पुन्हा झटका येईपर्यंत हे घर सुखात राहील. सगळ्यांना सोयीचं असं एकच माणूस या शहरात होतं, ते गोळी घेतलेलं. हे तिला इतकं लख्ख दिसलं की तगमगीतही ती क्षणभर स्तब्ध उभी राहिली. हे लोक तिचं व्यसन सोडवू बघत नव्हते. त्यांना ते फक्त ऐकू यायला नको होतं. मग तिच्या आत काहीतरी ताठ झालं. निश्चय वगैरे नव्हता तो, नुसता राग होता, कोरडा, जुना, कामाला येणारा राग.

तिनं साडी नेसली. केसांचा नुसता बुचडा बांधला. आणि फोन घेऊन ती थेट बाहेरच्या हॉलमध्ये गेली, जिथं सुधींद्र पेपर वाचत होता, रात्री तिथंच राहिलेल्या वन्सं शेंगा मोडत होत्या आणि वेणूबाई झोपाळ्यावर जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. तिनं फोन टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवला, समोर जमिनीवर बसली आणि क्लिनिकच्या ॲपमधलं तातडीचं बटण दाबलं.

"नेत्रा, आत जा," सुधींद्र म्हणाला.

"आत जागा नाही."

डॉक्टर दीपश्री पडद्यावर आल्या. मागं कुठल्याशा कॉरिडॉरची भिंत, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. "केव्हापासून गोळी नाही?"

"काल सकाळपासून. घरच्यांनी मोरीत टाकल्या."

"टाकल्या?" डॉक्टरांनी फोन जवळ धरला. मग त्यांनी एकेक विचारलं, घाम, जांभया, जुलाब, झटका, डोळ्यांपुढं काही चमकतं का, आणि नेत्रानं एकेकाला मोठ्यानं उत्तर दिलं. जुलाब हा शब्दसुद्धा. दाजीबानपेठेत जावंसं वाटत होतं, हेही. सुधींद्रचा पेपर आता त्याच्या तोंडापुढं होता आणि हलत नव्हता.

"ऐका, ही गोळी मला अशी पडद्यावरून लिहून देता येत नाही, कायद्यानं परवानगी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आता तुम्हाला कुणीतरी प्रत्यक्ष तपासायला हवं. तुमच्या धारवाडातच मानसिक आरोग्याचं सरकारी इस्पितळ आहे. आत्ता जा. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करते. एकट्या जाऊ नका."

फोन बंद झाला. शेंगा मोडायचा आवाजही थांबला होता. धारवाडात लहानपणापासून कुणी वेड्यासारखं वागलं की ज्या इस्पितळाचं नाव घेऊन चिडवतात, ते इस्पितळ. तिथं जायला लागू नये म्हणून तर बेंगळुरू, म्हणून तर पडदा, म्हणून तर तळ्याकाठचे बाक.

"ते शक्य नाही," सुधींद्र पेपर खाली ठेवत म्हणाला. "तिथं कोर्टाची अर्धी माणसं येतात, सर्टिफिकेटांसाठी. मला तिथं सगळे ओळखतात."

"मग सोयीचं झालं," नेत्रा म्हणाली. "ओळखीनं नंबर लवकर लागेल."

"हे हसण्यावारी नेऊ नकोस. उद्या तुझ्या कॉलेजात कळलं तर—"

"कळू दे. ब्लडप्रेशर होऊन मरण्यापेक्षा बरं."

"कसलं ब्लडप्रेशर?" झोपाळा थांबला होता. वेणूबाईंनी माळ मांडीवर ठेवली होती. "मला कुणी नीट सांगणार आहे का, काय टाकलंत मोरीत?"

वन्सं उठल्या. "आई, काही नाही, तू जप कर."

"तू गप. नेत्रा, तू सांग."

आणि नेत्रानं सांगितलं. पाठीच्या गोळ्या, त्या सुटल्या नाहीत, मागच्या वर्षी वर्गात पडले ती त्यानंच, आता कमी करत होते, काल टाकून दिल्या. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे डोंगराएवढं वाटत होतं ते चार वाक्यांत मावलं. वेणूबाई ऐकत होत्या. डोळ्यांवरचा मोतीबिंदूचा निळसर पडदा तिच्याकडे लागलेला.

"म्हणजे व्यसनच की."

"हो."

"मग व्यसन म्हणा. ब्लडप्रेशर ब्लडप्रेशर काय लावलंय? मी वर्षभर तुझ्या आमटीतलं मीठ कमी केलं ना." त्या सुधींद्रकडे वळल्या. "आणि तू. डॉक्टरनं दिलेलं औषध मोरीत? वकील ना रे तू?" मग त्या झोपाळ्याची कडी धरून उठल्या. मायेनं नव्हे, वैतागून. सुनेनं हे असलं काही केलं याचा राग त्यांच्या सगळ्या अंगावर दिसत होता, आणि तो राग नेत्राला वन्संच्या मायेपेक्षा कितीतरी स्वच्छ वाटला. "माझी शाल दे. मी येते. एकटी गेलीस तर रस्त्यात पडशील, आणि मग आहेच गावभर."

"आई, तू तिथं जाणार?" सुधींद्र म्हणाला.

"मग तू चल."

तो बसून राहिला. नेत्रानं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला त्याची कीव येईल किंवा रडू येईल. तसं काही झालं नाही. तिनं वेणूबाईंच्या चपला पुढं सरकवल्या.

रिक्षावाल्याला तिनं इस्पितळाचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं आरशातून दोघींकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की म्हातारीच असणार. वाटेत नेत्राला उमासे आले, तिनं डोकं बाहेर काढलं. धारवाडची सकाळ नेहमीसारखी होती, चढउताराची, सावल्यांची. इस्पितळाच्या फाटकातून ती या आधी कधीही आत गेली नव्हती. आत झाडं होती, बाकं होती, आणि माणसं. खेड्यांतून आलेली, डबे घेऊन आलेली, पोराचा हात घट्ट धरून बसलेली. कुणी ओरडत नव्हतं. तिनं केसपेपर काढला, स्वतःचं नाव स्वतः सांगितलं, आणि दोघी बाकावर बसल्या. वेणूबाईंनी सोवळ्याचा विचार बाजूला ठेवून शालीचं टोक तिच्या गुडघ्यावर टाकलं, कारण तिचे पाय थरथरत होते आणि लोक बघत होते.

तेवढ्यात समोरून कोर्टातला शंकर टायपिस्ट आला. सुधींद्रचे अर्ज तोच टाइप करायचा, दसऱ्याला बन्नीचं सोनं द्यायला घरी यायचा. हातात कागद होते. दोघींना बघून तो थबकला, आणि चांगल्या घरची चांगल्या रीतीची माणसं जे करतात ते त्यानं केलं: तिला एक तयार खोटं आणून दिलं. वेणूबाईंकडे वाकून, आवाज मऊ करून म्हणाला, "येन्री, अज्जीगे आराम इल्लेन्री?" काय हो, आजींना बरं नाही का?

वेणूबाईंनी एकदा नेत्राकडे पाहिलं. मग, आयुष्यात कधी काढला नसेल एवढा क्षीण आवाज काढून त्या म्हणाल्या, "हौदप्पा. ननगऽ. वयस्सु..." होय बाबा, मलाच. वय झालं.

घरातल्या इतक्या वर्षांत म्हाताऱ्या बाईनं तिला दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट होती. नेत्रानं ते घ्यावं आणि गप्प बसावं, एवढंच करायचं होतं. शंकर समाधानानं मान हलवत निघालाच होता.

"शंकर," ती म्हणाली. उठून उभी राहिली. तिनं भिंतीला हात लावला. "अवरिगल्ल. ननगऽ. गुळिगी चट हत्त्यद. बिडाक बंदीनि." त्यांना नाही. मला. गोळ्यांचं व्यसन लागलंय, सोडायला आलेय.

आजूबाजूच्या बाकांवरची माणसं वळली. शंकरच्या हातातले कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेले.  शेवटी तो म्हणाला, "छलो आतु, मॅडम," चांगलं झालं, आणि आपण काय बोलून बसलो याच्या घोळात भरभर निघून गेला.

"हळू बोलायला काय झालं होतं?" वेणूबाई पुटपुटल्या.

"राहू द्या, आई," नेत्रा म्हणाली. "तुमच्याइतकं नाटक मला जमत नाही."

वेणूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला की नाही हे बघायला वेळ मिळाला नाही, कारण आतून तिचं नाव पुकारलं गेलं. तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी बेंगळुरूशी फोनवर बोलून पुन्हा औषध सुरू केलं, थोडं थोडं कमी करायचं, आणि घरातलं कोण सांभाळणार असं विचारलं, तेव्हा वेणूबाईंनी नुसता हात पुढं केला. बाहेर पडताना त्यांनी पाकीट कमरेला खोचलं.

शंकरनं कुणाला सांगितलं की नाही, ते कधीच कळलं नाही. पण कोर्टात कळलं, कॉलेजातही कळलं. प्राचार्यांनी तिला बोलावून विश्रांतीसाठी रजा सुचवली. तिनं रजा नको, तास हवेत म्हणून सांगितलं, आणि पुढचा आठवडाभर मुली तिच्याकडे टक लावून बघत शिकल्या, इतक्या लक्षपूर्वक त्या आधी कधी शिकल्या नव्हत्या. सुधींद्र काही दिवस ऑफिसच्या खोलीत जेवला. गोळी अजून सुटलेली नाही. मध्ये एकदा ती दाजीबानपेठेच्या तोंडापर्यंत जाऊन आली, आणि ते तिनं त्याच संध्याकाळी सासूला आणि डॉक्टरांना दोघींनाही सांगितलं. वेणूबाई बोल बोल बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशीची गोळी वेळेवर दिली.

दीपश्रींच्या भेटी आता हॉलमध्येच होतात, झोपाळ्यासमोर. परवा त्याच वेळी वन्संचा फोन आला. घरात बोलण्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "अजून चाललंय का गं ते तुमचं?"

"चाललंय," नेत्रा म्हणाली. "आई आत्ता डॉक्टरांशी भांडतायत. म्हणतात, गोळी कमी करायची घाई कसली लावलीय, पोरगी वाळली बघा. तुम्ही मागून फोन करा, वन्सं. मला मध्ये पडायला हवं."